हलक्या विमानाचा मफलर : आवाज कमी करताना या चुका टाळा

विमानाचा आवाज खटकू लागला की पहिला संशय मफलरवर, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचा आवाज दाबणाऱ्या डब्यावर, घेतला जातो, आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक बहुतेक वेळा हीच असते. चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ८० वेळा एक्झॉस्टचा, म्हणजे जळालेल्या वायूचा, धक्का बाहेर पडतो. त्याच शाफ्टवर थेट बसवलेल्या प्रोपेलरची दोन पातीही सेकंदाला ८० वेळाच हवा कापतात. दोन्ही आवाजांची मूळ वारंवारिता ८० हर्ट्झच असल्याने नुसत्या ध्वनिमापकावरून दोषी कोण हे ठरत नाही. समजा, प्रोपेलरचा आवाज ९५ डेसिबल आणि एक्झॉस्टचा ८५ डेसिबल आहे. तर एकूण आवाज सुमारे ९५.४ भरतो, म्हणजे एक्झॉस्ट पूर्ण मुका केला तरी अर्धा डेसिबलसुद्धा कमी होत नाही. अशा वेळी उड्डाणपुस्तिकेच्या मर्यादेत राहून फेरे कमी करावेत. १.९ मीटर व्यासाच्या प्रोपेलरच्या टोकाचा वेग २७०० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे २६९ मीटर असतो, तो २४०० फेऱ्यांना २३९ वर येतो, आणि हा फरक कानांना स्पष्ट जाणवतो.

दोष खरोखरच एक्झॉस्टचा निघाला, तर पुढची चूक हिशेबात होते. ठरावीक वारंवारिता दाबण्यासाठी जोडलेल्या, एका टोकाला बंद असलेल्या शाखानळीची लांबी पाव तरंगलांबीइतकी लागते. ती काढताना अनेक जण ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरतात. तो साध्या हवेतला वेग झाला. ६०० अंश सेल्सिअसच्या वायूत ध्वनी सेकंदाला सुमारे ५९० मीटर धावतो, त्यामुळे ८० हर्ट्झसाठी १.०६ मीटर नव्हे, तर जवळजवळ १.८५ मीटर नळी हवी. एवढी लांब नळी काउलिंगखाली (इंजिनावरच्या झाकणाखाली) मावत नाही, म्हणूनच लहान विमानात खालचा सूर दाबणे इतके अवघड जाते. त्यावर उपाय म्हणून आत अरुंद अडथळे वाढवू नयेत. त्याने बॅकप्रेशर, म्हणजे वायूला बाहेर पडताना होणारा उलटा दाब, वाढते आणि शक्ती घटते.

जुन्या मफलरमध्ये आतले बॅफल (आवाज अडवणारे पत्रे) तुटून बाहेर जाण्याची वाटच अडवू शकतात, त्यामुळे तो हलवल्यावर खडखडला तर उघडून पाहावा. तापणाऱ्या भागावर शिसपेन्सिलीने खूण करू नये, कारण तिचा कार्बन धातूत मुरून तिथूनच चीर सुरू होते. केबिनची उष्ण हवा मफलरभोवतीच्या आवरणातून घेतली जात असेल, तर हे आवरण दर तपासणीत काढलेच पाहिजे. आवरणाखालची मफलरची चीर आवाजाने कळत नाही, पण तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये येतो.