आजोबांचं युद्धातलं जॅकेट नव्याने शिवताय? या चुका टाळा

सांगलीत आमचं मोटारींच्या सीटा शिवायचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवते. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात भारतीय हवाई दलाच्या ७ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये होते. व्हेंजन्स नावाच्या बॉम्बफेकी विमानात वैमानिकाच्या मागे बसून मशीनगन सांभाळायचे, म्हणजे गनर. १९४४ साली ब्रह्मदेशाच्या सीमेजवळच्या इंफाळच्या आघाडीवर त्यांनी उड्डाणं केली. त्यांच्या मेंढीच्या कातड्याच्या जॅकेटाची नवी नक्कल मी वडिलांच्या पंचाहत्तरीला शिवली, आणि तेव्हापासून सांगली-साताऱ्याकडची माणसं आपापल्या आजोबांची जॅकेटं घेऊन माझ्याकडे येतात. येतात तेव्हा बहुतेकांच्या हातून काहीतरी बिघडून गेलेलं असतं, आणि चामड्यात बिघडलेलं सहसा परत जुळत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

जॅकेट कोणतं, हे न शोधताच शिवायला घेणं

सगळ्यात मोठी चूक हीच. मोबाइलवर एक फोटो दाखवतात आणि म्हणतात, "ताई, अस्संच पाहिजे." फोटोत असतं अमेरिकन ए-२ जॅकेट: पातळ चामडं, आत साधं अस्तर, मनगटाला आणि कमरेला विणलेल्या पट्ट्या, पुढे दोन खिसे. ते अमेरिकी हवाई दलाने १९३१ साली घेतलं. आपली माणसं लढली ती ब्रिटिशांच्या पुरवठ्यावर. त्या पुरवठ्यातलं उड्डाणाचं जॅकेट म्हणजे आयर्विन: मेंढीचं कातडं केसांसकट, लोकर आत, मोठी कॉलर, कमरेला पट्टा, बाहीला मनगटाकडे चेन. हे नाव लेस्ली आयर्विन या पॅराशूट बनवणाऱ्या माणसावरून आलं. आपल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी त्याचा काही संबंध नाही. पुलाला १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचं नाव दिलं. सांगलीत हा घोळ मला दर वेळी सोडवावा लागतो, कारण नाव ऐकलं की लोकांना जॅकेट इथलंच वाटतं.

ब्रह्मदेशात लोकर कशाला, असंही विचारतात. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. खाली तीस अंश असतील तर साडेतीन हजार मीटरवर सात-आठ अंशच उरतात, आणि विमानात वारा शिरत असतो.

पण मुळात आजोबा हवाई दलात होते का? सातारा तालुक्यातल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. आजोबांच्या वर्षश्राद्धाला म्हणून त्यांनी मुंबईत कुठूनसं एक जॅकेट शिवून आणलं होतं. पाठीवर गरुड, छातीवर कवटी, खर्च भरपूर. ते घरच्या फोटोशेजारी टांगलं. आजोबांची धाकटी बहीण, नव्वदीतली, काठी टेकत आली. जॅकेटाची बाही दोन बोटांत धरून म्हणाली, "ह्ये आमच्या तात्याचं न्हाई. त्याच्याला भाया न्हवत्या."

सगळ्यांना वाटलं, आजी विसरली. नातवाला मात्र ते लागलं आणि तो माझ्याकडे आला. मी त्याला आधी घरी पाठवलं, आजोबांची ट्रंक उघडायला लावली. ट्रंकेत सर्व्हिसबुक निघालं, रेजिमेंट मराठा लाइट इन्फंट्री. सोबत इटली स्टार पदक. आजोबा पायदळात होते. इटलीच्या डोंगरात हिवाळा काढलेले. तिथे ब्रिटिश पुरवठ्यातून सैनिकांना मिळायची ती बिनबाह्यांची चामडी जर्किन: चामड्याचे तुकडे जोडून केलेली, आत घोंगडीसारखं लोकरीचं अस्तर, पुढे मोठी बटणं. मी तिचा फोटो दाखवला, नातवाने तो आजीला दाखवला. आजीने फोटोवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हीच. थंडीत ह्यातच निजायचा."

पुढे ती जर्किन आम्ही शिवली. आजींनी ती पाहिली. त्या घरात आता गरुडवालं जॅकेट नाही.

तेव्हा कातड्याला हात लावायच्या आधी सर्व्हिसबुक, डिस्चार्जचा दाखला, लॉगबुक म्हणजे उड्डाणांची नोंदवही, पदकं, जुना फोटो, जे असेल ते सगळं बाहेर काढा. काहीच नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. मराठा पलटणीतले असतील तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरशी पत्रव्यवहार करा. आणि घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. त्यांनी ते कपडे झटकलेले असतात, वाळत घातलेले असतात, त्यांना शिवण आठवते. मी कागदांच्या आधी त्यांनाच विचारते.

मूळ जॅकेटाची वाट लावणं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. सांगलीच्या गावभागात घराघरात पाणी शिरलं. तिथल्याच एका घरात पलंगाखालच्या ट्रंकेत आजोबांचं खरं आयर्विन जॅकेट होतं, आणि ते कित्येक दिवस पाण्यात राहिलं. पूर ओसरल्यावर मुलाने ते पिळलं आणि कडक ऊन पडलेलं पाहून गच्चीवरच्या पत्र्यावर पसरलं. संध्याकाळी उचललं तर फळीसारखं झालेलं. कोपरात वाकवायला गेला तर कट्ट आवाज आला आणि चामडं तडकलं. डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं आखूड झाली होती, कारण डावी बाजू पत्र्यावर खाली होती.

ओलं चामडं तापलं की आक्रसतं, आणि आक्रसलेलं पुन्हा ताणून जागेवर येत नाही. त्याने माझ्यासमोर ते जॅकेट ठेवलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही काही बोलता आलं नाही. त्याने काळजीपोटीच उन्हात टाकलं होतं. लवकर वाळावं म्हणून.

जॅकेट भिजलं तर पिळू नका. चिखल असेल तर स्वच्छ गार पाण्याने हलकेच धुवा, जुन्या टॉवेलात दाबून पाणी टिपा. आत आणि बाह्यांत जुन्या सुती कापडाचे बोळे भरा, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, आडवं पसरून ठेवा. बोळे ओले झाले की बदला. आठवडा लागेल, पंधरा दिवसही लागतील. अजून थोडी ओल असतानाच हाताने हळूहळू मळत राहा म्हणजे कडक होत नाही. हेअर ड्रायर नको, शेगडी नको, इस्त्री तर नकोच. पूर्ण वाळल्यावर चामड्याचं साधं बिनरंगी क्रीम, बोटावर घेऊन, अगदी थोडं. खोबरेल तेल चोपडणारे खूप भेटतात. त्याने चामडं काळवंडतं, चिकट होतं आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते.

याच जॅकेटावरून पॅटर्न काढताना मी स्वतः जवळजवळ फसले होते. आखूड झालेल्या बाहीचं माप तसंच घेतलं असतं तर नवं जॅकेटही आखूड झालं असतं. कमी आक्रसलेली उजवी बाजू आणि आजोबांचा फोटो यांवरून माप जुळवलं. जुन्या जॅकेटाचं माप घेताना डावं-उजवं दोन्ही मोजा, नेहमी.

आणि मूळ जॅकेट उसवू नका. "उसवून पॅटर्न काढतो आणि परत शिवतो" असं सांगणारे कारागीर आहेत. ऐंशी वर्षांचं चामडं परत शिवलं जात नाही, जुन्या भोकांच्या रेषेवर ते कागदासारखं फाटतं. मी जाड पारदर्शक प्लास्टिक एकेका भागावर ठेवते, शिवणीवरून पेनाने रेघ मारते आणि शिलाईची जागा नंतर धरते. चिकटपट्टीही लावत नाही, ती काढताना रंग उचलते. या कामाला माझे दोन दिवस जातात, आणि ते दोन दिवस कुणाच्याही घाईसाठी मी कमी करत नाही.

चुकीचं कातडं, चुकीची कात्री

कोल्हापूर जवळ आहे म्हणून लोक तिथून चपलेचं चामडं घेऊन येतात. ते बाभळीच्या सालीवर आणि हिरड्यावर कमावलेलं, ताठ आणि जाड असतं. चपलेला उत्तम, जॅकेटला निरुपयोगी.

दुसरे म्हणतात, आपल्याकडे मेंढ्या थोड्या आहेत का! जतकडची माडग्याळी मेंढी मांसासाठी नावाजलेली, पण अंगावर लोकर फार कमी. दख्खनी मेंढीची लोकर राठ, घोंगडीची. आयर्विनला दाट, मऊ लोकर लागते, केसांसकट कमावलेल्या कातड्यावरची. चामड्याच्या मोठ्या बाजारात ते मागवून मिळतं. एक छोटा तुकडा आधी मागवा, हातात घ्या, लोकर ओढून बघा. चाळिसाच्या छातीला मला सहा कातडी लागली. एक जास्तीचं घ्याच, कारण पुन्हा मागवलेल्याचा रंग जुळत नाही.

असं कातडं कात्रीने कापायचं नसतं. गेल्या वर्षी एक तरुण मुलगा आला, व्हिडिओ बघून स्वतः शिवायला घेतलेलं. सगळे तुकडे त्याने कात्रीने बेतले होते. कात्री चामड्याबरोबर लोकरही कापते, मग शिवणीपाशी दोन्ही बाजूंना बोडकी पट्टी राहते. जॅकेटाच्या आतून रस्ते आखल्यासारखं दिसत होतं. कातडं उलटं टाकायचं, चामड्याच्या बाजूने धारदार पात्याने फक्त कातडीच चिरायची आणि दोन्ही हातांनी ते हलकेच विलग करायचं. लोकर आपोआप सुटी होते. शिवून झाल्यावर शिवणीत अडकलेले केस सुईने एकेक वर काढायचे. त्या मुलाला मी हे एका कातरणीवर करून दाखवलं. त्याने तीन वेळा करून पाहिलं आणि तिसऱ्या वेळी जमलं. आधी एक दिवस कातरणीवर घालवला असता तर चार कातडी वाचली असती. नवशिक्यांना मी हात जोडून सांगते, पहिला आठवडा फक्त तुकड्यांवर शिवा. तुकड्यावर चुकलेल्या टाक्याचा खर्च शून्य असतो.

मांजरपाटाचा नमुना फसवतो

साध्या चामड्याच्या जॅकेटला मांजरपाटाचा नमुना पुरतो. आयर्विनला नाही. लोकरीची जाडी आतली जागा खाते. मांजरपाटात नीट बसलेलं जॅकेट कातड्यात छातीला दोन इंच आवळतं आणि मुंढ्यात हात वर होत नाही. मी जुन्या सोलापुरी चादरीची दुहेरी घडी घालून नमुना शिवते. तो घालून हात वर करा, खुर्चीत बसा, पुढे वाका. गनर बसूनच असायचा.

आणि कुणाच्या मापाचं, हे आधी घरात ठरवा. आजोबा छत्तीस छातीचे, नातू चव्वेचाळीस. नातवाच्या मापाचं शिवायला माझी हरकत नाही, पण मग कॉलर, पट्टा, चेन सगळंच प्रमाणात वाढवावं लागतं. नुसती कूस सोडून चालत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

आयर्विनला खिसे नव्हते. मोबाइलसाठी खिसा हवा असेल तर दुसरं जॅकेट घ्या.

टाके दाट घालू नका. एका इंचात सात-आठ पुरे, नाहीतर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग होते आणि तिथेच फाटतं. चामड्यात टाचण्या नकोत, क्लिपा लावा. घरच्या मशीनवर दुहेरी मेंढीचं कातडं ओढलं जात नाही, सीट शिवणाऱ्याकडे वरूनही ओढणारं मशीन असतं, त्याला विनंती करा.

हवाई दलाच्या विमानांवरचा केशरी-पांढरा-हिरवा गोल लावू नका, तो स्वातंत्र्यानंतरचा. युद्धात ब्रह्मदेश आघाडीवरच्या विमानांच्या गोलातला मधला लाल ठिपकाही काढला होता, जपानी खुणेशी गल्लत होऊ नये म्हणून. पाठीवर चित्रं रंगवायची हौस अमेरिकनांची.

पॉलिश पेपरने घासून जुनं दिसवणं मी करत नाही. कुणी कितीही पैसे दिले तरी नाही. ती झीज आजोबांच्या अंगाची होती, ती सँडपेपरने आणता येत नाही. नवं जॅकेट नवंच दिसू द्या, घाला, त्याला तुमची झीज येईल.

"पंधरा ऑगस्टपर्यंत होईल का?" असं जुलैत विचारू नका. पावसाळ्यात मी कातडं बेतत नाही, हवेतल्या ओलीने ते सैल पडतं. दिवाळीनंतर या.

ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत नको, सुती पिशवीत, रुंद खांद्याच्या हँगरवर. पावसाळ्यात दर पंधरवड्याला बाहेर काढून पंख्याखाली धरा.

आणि एक काम कुणीच करत नाही, ते मी माझ्या प्रत्येक जॅकेटात करते. कॉलरच्या आत सुती कापडाची पट्टी शिवते आणि न जाणाऱ्या शाईने लिहिते: ही नक्कल आहे, अमक्या साली सांगलीत शिवली, मूळ जॅकेट अमक्यांचं, अमुक पलटण, आणि ते आत्ता कुठे ठेवलं आहे. आजोबांच्या जॅकेटाची पट्टी लिहिताना वडील शेजारी बसले होते. स्क्वाड्रनचा आकडा मी लिहिला, नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं.