राक्षसांच्या कपाटातील घरची माणसे: जुन्या भयपटांच्या वस्तू कशा जमवाव्यात आणि कशा जपाव्यात

माझ्या घरातील काचेच्या कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात, फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा वीतभर उंचीचा प्लॅस्टिकचा पुतळा उभा आहे. त्याच्या डाव्या हाताचा अंगठा मूळचा नाही. १९९० साली वडिलांनी हा पुतळा पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणला, तेव्हा अंगठा तुटलेलाच होता. खडकीच्या कारखान्यातून दुसरी पाळी संपवून आलेल्या वडिलांनी एका रात्री ओट्यापाशी उभे राहून एम-सील मळले, त्याचा नवा अंगठा घडवला आणि तो ओला असतानाच दाबून बसवला, त्यामुळे त्यांच्या बोटाची रेघ न् रेघ त्यावर उमटली. तो अंगठा काढून तिथे नीटस नवा बसवावा, असे एका जाणकार संग्राहकाने मला सुचवले होते, आणि किमतीच्या हिशेबाने त्यांचे म्हणणे बरोबरच होते. मी ते मानले नाही. वडील जाऊन अकरा वर्षे झाली आणि त्यांच्या हाताचा ठसा घरात दुसरीकडे कुठेही उरलेला नाही.

जुन्या भयपटांच्या वस्तू जमवू पाहणाऱ्यांना माझे पहिले सांगणे यातूनच आलेले आहे. वस्तू कोणत्या चित्रपटाची आहे हे जितक्या काळजीने लिहून ठेवाल, तितक्याच काळजीने ती कोणाच्या हातून, कधी आणि कशी घरात आली हेही लिहून ठेवा. चित्रपटाची माहिती आज नाही तर उद्या मिळते. वस्तूमागची घरातली हकीकत मात्र सांगणारे माणूस बहुधा एकच असते, आणि त्याचे वय वाढत असते.

सुरुवात माळ्यावरून करावी

बाजारात पाऊल टाकण्याआधी घरातला माळा, दिवाणाखालच्या ट्रंका आणि रद्दीत जायच्या बेतात असलेले गठ्ठे पाहावेत. पुण्यातल्या जुन्या घरांमध्ये भयपटांशी जोडलेल्या वस्तू अगदी अनपेक्षित ठिकाणी निघतात: गाण्यांची चोपडी पोथ्यांच्या गठ्ठ्यात असते, तिकिटाचा अर्धा तुकडा कोणाच्या तरी वहीत खूण म्हणून राहिलेला असतो, आणि व्हिडिओ कॅसेटवर लग्नाच्या चित्रणानंतर कोणीतरी रात्रीची भयमालिका भरून ठेवलेली असते. या कॅसेटी पाहिल्याशिवाय कदापि टाकू नयेत, कारण त्या मालिकेच्या आधीच्या अर्ध्या तासात घरातल्या गेलेल्या माणसांचे आवाज असण्याची शक्यता असते.

वस्तू सापडली की ती हातात घेऊन घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसावे. 'तुम्हाला त्या काळचे काय आठवते?' असा मोठा प्रश्न विचारला, तर 'काही विशेष नाही गं' एवढेच उत्तर मिळते. लहान प्रश्न विचारावेत. खेळ कितीचा होता, बरोबर कोण कोण होते, परत कसे आलात, घरी कोण जागे होते? माझ्या आत्याला १९८४ साली आलेल्या 'पुराना मंदिर' या हिंदी भयपटाची गोष्ट आज धड सांगता येत नाही. परंतु त्या रात्री परत येताना तिघी मैत्रिणी पिंपळाची सावली टाळण्यासाठी रस्त्याच्या अगदी मधून चालत आल्या, आणि आजोबा कंदील घेऊन चौकापर्यंत आले होते, हे तिला पावलापावलाने आठवते. आजोबा एरवी कडक, सिनेमाला नाके मुरडणारे. मुली घाबरतील म्हणून ते चौकात येऊन उभे राहिले, ही गोष्ट आमच्या घरात त्या चित्रपटाच्या गाण्यांच्या एका चोपडीमुळे कळली.

असे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करावे, मात्र तेवढ्यावर थांबू नये. त्याच दिवशी एका जाड, शिवलेल्या बांधणीच्या वहीत क्रमांक घालून नोंद करावी: वस्तू, तिची मापे, कोणाकडून आली, कोणी काय सांगितले आणि सांगितल्याची तारीख. सांगणाऱ्याचे शब्द शक्यतो तसेच ठेवावेत. 'पुराना मंदिर'मधल्या सैतानाला आत्या 'राक्षस' म्हणत नाही, 'तो सामरी' म्हणते. वहीतही तसेच लिहिले आहे.

पाकिटासकट जपावे

१९९७ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने जुन्या भयपटांतील पाच पात्रांची ३२ सेंटची तिकिटे काढली. 'फँटम ऑफ द ऑपेरा'मधला लॉन चेनी, ड्रॅक्युलाच्या वेशातला बेला लुगोसी, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आणि ममी या दोन्ही रूपांतला बोरिस कार्लोफ, आणि लांडगा-माणूस झालेला लॉन चेनी ज्युनिअर ही ती पाच पात्रे. ही तिकिटे निघावीत म्हणून कार्लोफची मुलगी, लुगोसीचा मुलगा आणि चेनी ज्युनिअरचा नातू यांनी मोहीम चालवली होती. ज्यांना पाहून जग घाबरले, त्यांच्या मुलानातवंडांनी आपापल्या माणसासाठी केलेली ही खटपट आहे, आणि म्हणून माझ्या मते भयपटांच्या संग्रहात ही तिकिटे असायलाच हवीत. ती महागडी नाहीत आणि तिकीट-संग्राहकांकडे चौकशी केली तर मिळू शकतात.

माझ्याकडे ती आली तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. मामांनी न्यू जर्सीहून आईला पत्र पाठवले आणि पाकिटावर मुद्दाम यातलीच दोन तिकिटे लावली, कारण भाच्याचा नाद त्यांना ठाऊक होता. मी पाकीट वाटीभर कोमट पाण्यात भिजवले, तिकिटे अलगद सोडवली, टिपकागदावर वाळवली आणि पाकीट फेकून दिले. त्या पाकिटावर मामांच्या हातचा आमच्या वाड्याचा पत्ता होता. वाडा २००३ साली पाडला गेला, मामाही आता नाहीत. तिकिटे उत्तम स्थितीत आहेत आणि ती पाहताना मला दर वेळी ते पाकीट आठवते. म्हणून सांगतो, की टपालाने आलेली वस्तू पाकिटासकट, भेट मिळालेली वस्तू तिच्या वेष्टनासकट आणि दुकानातून घेतलेली वस्तू पावतीसकट ठेवावी. खोक्यावर कोणी पेनाने नाव लिहिले असेल, तर ते खोडण्याचा विचारही करू नये.

काय जमवायचे ते नात्यावरून ठरवावे

भयपटांच्या वस्तूंना अंत नाही, आणि दिसेल ते घेत गेल्यास जागा आणि पैसा दोन्ही संपतात. बहुतेक जण वर्षांनुसार किंवा चित्रपटांनुसार संग्रह लावतात. १९३१ चे ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइन, १९३२ ची ममी, १९४१ चा लांडगा-माणूस, १९५४ चा काळ्या सरोवरातला जलचर असा क्रम लावणे सोपे असते. माझा कल निराळा आहे: आपल्या घरात ज्या माणसाने आपल्याला पहिल्यांदा घाबरवले आणि मग जवळ घेतले, त्याच्यापासून धागा पकडावा. आजीने सांगितलेल्या वेताळाच्या गोष्टींनी सुरुवात झाली असेल, तर 'चांदोबा'चे जुने अंक हा तुमचा संग्रह. भावंडांसोबत चादरीखालून पाहिलेले हिंदी भयपट असतील, तर त्यांची पोस्टरे.

हा धागा पकडला की एक गोष्ट ठळकपणे दिसू लागते. भयपटांच्या मागे बहुतेक ठिकाणी एखादे कुटुंबच उभे असते. लॉन चेनी स्वतःच्या हाताने चेहरा रंगवून पडद्यावर भयंकर रूपे घेत असे, आणि त्याच्या मृत्यूनंतर मुलाने वडिलांचेच नाव लावून त्याच वाटेवर पाऊल टाकले. हिंदी भयपट काढणारे रामसे बंधू सात. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी आणि संकलन ही कामे त्यांनी भावाभावांतच वाटून घेतली होती. आपल्या 'झपाटलेला'मधला १९९३ सालचा तात्या विंचू घडवणारे रामदास पाध्ये यांच्या घरात बोलक्या बाहुल्यांची कला वडिलांपासून, यशवंत पाध्ये यांच्यापासून, चालत आलेली होती. आपल्याकडे तात्या विंचूचे एखादे छायाचित्र किंवा खेळणे असेल, तर त्याच्या नोंदीत ही वडील-मुलाची ओळही अवश्य लिहावी.

विकत घेताना

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर जावे, सुटे पैसे जवळ ठेवावेत आणि विक्रेत्याला शक्य तर एवढे विचारावे, की हा माल कोणत्या भागातल्या घरातून आला. नेमके उत्तर क्वचितच मिळते. मिळाले तर ते किमतीपेक्षा मोलाचे असते. घासाघीस करावी, पण वस्तूला नाव ठेवून करू नये.

पोस्टर जुने म्हणून विकले जात असेल, तर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे घड्यांच्या रेघा. डोळ्यांना दिसणारी घडी किंवा फाटलेला कोपरा बोटाला लागतच नसेल, तर ती खूण जुन्या पोस्टराच्या छायाचित्रातून आलेली, म्हणजे छापलेली आहे, आणि हातातली प्रत नवी आहे. दुसरी म्हणजे भिंगाखाली अक्षरांच्या कडा पाहाव्यात. मूळ छपाईत मोठी अक्षरे सहसा स्वच्छ आणि भरीव असतात, तर छायाचित्रावरून केलेल्या नकलेत तीही ठिपक्याठिपक्यांची आणि किंचित पुसट दिसतात. प्लॅस्टिकच्या पुतळ्यांच्या बाबतीत रूपावर विसंबू नये. अमेरिकेतल्या ऑरोरा कंपनीने १९६१ साली फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा जोडणी-संच ९८ सेंटला विकायला काढला, आणि पुढे त्याच साच्यातून दुसऱ्या कंपनीनेही संच काढले. त्यामुळे वर्ष ठरवायचे ते खोक्यावरून आणि जोडणीच्या कागदावरून. नक्कल घेण्यात काहीच कमीपणा नाही. ती नक्कल म्हणून घ्यावी आणि वहीत तसे लिहावे.

पुण्याचा पावसाळा आणि संग्रह

जून ते सप्टेंबर हे चार महिने संग्रहाचे खरे वैरी आहेत. पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला टेकून कपाट ठेवू नये. भिंत आणि कपाट यांत चार बोटे अंतर सोडावे, म्हणजे हवा खेळती राहते. कागदी वस्तू गुंडाळून उभ्या ठेवण्यापेक्षा आडव्या, सपाट ठेवाव्यात आणि प्रत्येकीमध्ये आम्लरहित कागद घालावा. बाजारात मिळणारी मऊ, वासाची पीव्हीसीची पाकिटे वापरू नयेत, कारण काही वर्षांनी ती चिकट होतात आणि छपाईची शाई ओढून घेतात. पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची पाकिटे घ्यावीत. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी या दोन्ही गोष्टी पूर्ण वर्ज्य समजाव्यात. लॅमिनेशन नंतर सोडवता येत नाही आणि चिकटपट्टीचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो.

कसर लागू नये म्हणून आपल्याकडे सर्रास डांबरगोळ्या टाकतात. कपड्यांच्या कपाटात ते चालत आले असले, तरी प्लॅस्टिकच्या पुतळ्यांजवळ त्या ठेवू नयेत. त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीनचे प्लॅस्टिक मऊ पडते आणि रंग चिकट होतो. त्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, त्या वरचेवर बदलाव्यात आणि महिन्यातून एकदा कपाट रिकामे करून कोरड्या कापडाने पुसावे. रबरी मुखवटे सर्वांत नाजूक असतात. ऊन आणि हवा लागून रबर आधी चिवटपणा सोडते, मग तडकते. म्हणून मुखवट्याच्या आत चुरगाळलेला आम्लरहित कागद भरून त्याला डोक्याचा आकार द्यावा आणि अंधाऱ्या, थंड जागी ठेवावे. घडी कधीही घालू नये. व्हिडिओ कॅसेटी पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात, आणि फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नये, कारण बुरशी यंत्राला आणि तिथून पुढच्या कॅसेटीला लागते. ज्या कॅसेटीत घरचे आवाज आहेत, त्यांचे डिजिटल रूपांतर सर्वांत आधी करून घ्यावे. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली, की सगळे बाहेर काढावे, पण गोधड्यांसारखे उन्हात घालू नये. सावलीत, पंख्यापासून दूर, दिवसभर मोकळे ठेवावे.

एखाद्या जुन्या ट्रंकेत चित्रपटाची फीत, म्हणजे खरी रिळे सापडली, तर मात्र ती घरी ठेवू नयेत. १९५० च्या आसपासपर्यंतची रिळे नायट्रेटची असू शकतात आणि ती भयंकर वेगाने पेट घेतात. विधी महाविद्यालय रस्त्यावर १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आपल्याच शहरात आहे; तिथे आधी विचारावे.

पुढे कोणाकडे जाणार

हा विषय घरात बोलायला जड जातो, पण तो टाळल्यामुळेच कितीतरी संग्रह एका दुपारी टेम्पोत भरून रद्दीला गेलेले मी पाहिले आहेत. बाजीराव रस्त्यावरचे केळकर संग्रहालय पाहायला मुलांना न्यावे आणि त्याच्या नावातला 'राजा' कोण, हे त्यांना सांगावे: तो दिनकर केळकरांचा मुलगा, जो सातव्या वर्षी गेला, आणि ज्याच्या नावाने वडिलांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये असा आयुष्यभराचा संग्रह उभा केला. त्यानंतर घरी येऊन आपल्या कपाटासमोर बसावे. कोणती वस्तू कोणाला हवी आहे हे विचारावे आणि कोणालाच नको असलेल्या वस्तूंची यादीही मोकळेपणाने करावी, कारण अशा वस्तू वेळेवर दुसऱ्या संग्राहकाला देता येतात. वहीची छायाप्रत दुसऱ्या घरी ठेवावी. माझी चिंचवडला बहिणीकडे असते.

मुलांना वस्तू हाताळू द्यावी. स्वच्छ, कोरड्या हातांनी, मऊ पंचा अंथरून, आपल्या समोर, पण हाताळू द्यावी. जी वस्तू कधी हातात घेतलेली नाही, तिची आठवण मोठेपणी राहत नाही. आणि नोंदही त्यांना करू द्यावी. माझ्या वहीतली एकेचाळिसावी नोंद मुलीने केलेली आहे. विषय आहे आजोबांनी बसवलेला अंगठा. तिने वर्ष चुकवून लिहिले होते. मी शेजारी पेन्सिलीने १९९० असे लिहिले आणि तिची ओळ तशीच राहू दिली.