पुदिन्याच्या दोन जाती एका वाफ्यात लावू नका

बाजारातून सांबार (कोथिंबीर) आणि पुदिना आणला की पुदिन्याच्या चार जाड काड्या बाजूला ठेवा. खालची पानं खुडून ग्लासभर पाण्यात उभ्या करा, आठ-दहा दिवसांत पेराशी पांढरी मुळं फुटतात. हा झाला चटणीचा पुदिना. पेपरमिंटचं मात्र रोपच आणा. तो संकर आहे, त्याला बी धरत नाही, त्यामुळे 'पेपरमिंटचं बी' म्हणून पाकीट विकत असतील तर पैसे वाचवा. ओळखायचं कसं? पेपरमिंटच्या पानाला छोटा देठ असतो, चटणीच्या पुदिन्याचं पान काडीलाच चिकटलेलं.

आम्ही दोन्ही न्हाणीमागे एकाच वाफ्यात लावले होते. जमिनीलगतच्या फुटव्यांनी ते असे गुंतले, की दुसऱ्या पावसाळ्यात चटणीत काय पडतंय तेच कळेना! आता प्रत्येकाला तेलाचा वेगळा डबा, बुडाला खिळ्यानं पाडलेली पाच-सहा भोकं. नुसती काळी माती घट्ट बसते, म्हणून निम्मी माती, बाकी रेती आणि कुजलेलं शेणखत.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की डबे कडुनिंबाच्या सावलीत सरकवा, सकाळ-संध्याकाळ पाणी द्या. तरी पानं करपलीच, तर बुडापासून चार बोटं ठेवून छाटा. मिरगाच्या पावसात पुन्हा फुटतो.