मानेतली गादी आणि बधिर अंगठा

मान आखडणं जुनंच होतं. पन्नाशीच्या तोंडावर उजवा अंगठा नि शेजारचं बोटही बधिर व्हायला लागलं. घरच्यांनी शुगर तपासायला लावली, ती नॉर्मल.

ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी मान मागे, उजवीकडे झुकवून डोक्यावर हलकासा दाब दिला. कळ खांद्यातून थेट अंगठ्यात! एमआरआयनेही तेच सांगितलं: मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली (सी-५ आणि सी-६) गादी, म्हणजे डिस्क, सरकून सी-६ नस दाबली जातेय. (सी-७ दाबली गेली, तर बहुधा मधलं बोट बधिर होतं.) वयानुसार गादीतलं पाणी आटतं, ती चपटी होते. काहीच न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही हे दिसतं, त्यामुळे नुसता रिपोर्ट वाचून हबकू नका.

औषधं थोडेच दिवस घेतली. कळ आली की हात डोक्यावर ठेवायचो, लगेच उतरायची. उशी पातळ केली, मॉनिटर डोळ्यांच्या रेषेत आणला, फिजिओथेरपिस्टने शिकवलेला हनुवटी आत ओढायचा व्यायाम नेमाने केला. मान 'मोडून' देणाऱ्या मालीशवाल्याला लांबूनच नमस्कार! काही आठवड्यांत मुंग्या गेल्या, ऑपरेशन टळलं.

मात्र शर्टाची बटणं लावता येईनात, चालताना तोल जायला लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो. तेव्हा व्यायाम वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.