घरातला जुना फोटो किती सालचा, हे कसं ओळखावं

माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा भिंतीवर एक तरी फोटो असा असतो, ज्याच्यावरून घरात दोन तट पडतात. कुणी म्हणतं हे पणजोबा, कुणी म्हणतं त्यांचे थोरले भाऊ. चेहरा बघून हा वाद मिटत नाही. साल कळलं तर मात्र बराच गुंता सुटतो, आणि सालाचा पुरावा बहुतेक वेळा कागदातच असतो.

हात धुऊन कोरडे करा. टेबलावर स्वच्छ सुती कापड पसरा. दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी आणि मऊ पेन्सिल जवळ ठेवा. फोटो फ्रेममध्ये असेल तर आधी तो तिरक्या उजेडात धरून बघा. काचेला चिकटलेला भाग ओला असल्यासारखा गडद दिसतो. तसं दिसलं तर फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. मी एकदा घाईने ओढला होता. आजीचा गाल आणि नथ काचेवरच राहिली, ती पुन्हा कागदावर आली नाही.

आता भिंग लावा. ठिपक्यांची जाळी दिसली तर तो छापखान्यातून आलेला कागद आहे, फोटो नव्हे. ठिपके नसतील आणि चित्राखालून कागदाचे तंतू दिसत असतील, रंग तपकिरी-जांभळट आणि पांढरा भाग पिवळसर असेल, तर तो बहुधा अल्ब्युमेन प्रिंट असतो. हा कागद १८५० मध्ये फ्रान्सच्या ब्लांकार-एव्रार यांनी आणला. अंड्याच्या पांढऱ्या बलकात मीठ मिसळून ते कागदावर पसरायचं, मग चांदीच्या क्षाराने तो कागद प्रकाशाला संवेदनशील करायचा. कागद इतका पातळ, की वळू नये म्हणून जाड पुठ्ठ्यावर चिकटवावाच लागे. म्हणून पुठ्ठा मोजा. साधारण ६.५ × १० सेंटिमीटर असेल तर ते कार्त-द-व्हिझित, म्हणजे भेटकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावरचा फोटो. पॅरिसच्या दिस्देरी यांनी १८५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. साधारण ११ × १६.५ असेल तर कॅबिनेट कार्ड, म्हणजे १८६६ नंतरचं. आपल्याकडे इतके जुने फोटो कुठून येणार, असं वाटू देऊ नका. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ चीच, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्याच काळात मुंबईत फोटो काढत होते.

तंतू दिसत नसतील, पृष्ठभाग गुळगुळीत असेल आणि कडेच्या काळ्या भागावर निळसर रुपेरी झाक असेल, तर तो जिलेटिन-सिल्व्हर, म्हणजे जिलेटिनच्या थरात चांदीचे कण असलेला फोटो. दमट हवेत चांदी वर येते, त्याची ती झाक. हा कागद १८९० च्या दशकापासून पसरला आणि विसाव्या शतकातले बहुतेक कृष्णधवल फोटो त्याच्यावरचेच आहेत, त्यामुळे इथे नुसत्या कागदावरून साल ठरत नाही. आकार बघा. ६ × ६ सेंटिमीटरचा चौकोनी, पांढऱ्या कडेचा छोटा फोटो असेल तर आग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्याची शक्यता धरा. तो बडोद्यात बनायचा, आणि एका रोलमध्ये १२ फोटो निघायचे. कागद प्लास्टिकसारखा, मागची बाजूही गुळगुळीत असेल, तर फोटो १९७० च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा. कोपऱ्यात नारिंगी तारीख असली तरी तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. कॅमेऱ्यातलं घड्याळ कित्येकांनी कधी लावलेलंच नसायचं.

मागची बाजू तर सोडूच नका. स्टुडिओच्या शिक्क्यात सहा आकडी पिन कोड असेल तर फोटो १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा नाही. दर आण्यांत लिहिलेला असेल तर तो बहुधा १९५७ च्या आधीचा, कारण त्या वर्षी नवे पैसे आले.

सगळ्यात जास्त फसवतात ते भिंतीवरचे मोठे फोटो. माणूस गेल्यावर जुन्या लहान फोटोवरून मोठी प्रत काढून घेत, भुवया-मिशा ब्रशने ठळक करून घेत. कागद १९६० चा आणि चेहरा १९२० चा, असं सर्रास होतं. प्रतीत जुन्या पुठ्ठ्याची कड, टाचणीची सावली किंवा मूळ फोटोवरच्या चिरा उमटल्यात का, ते भिंगाने शोधा. कपड्यांवर फार भिस्त ठेवू नका. नऊवारी कित्येक बायका आयुष्यभर नेसत, आणि कोट तर स्टुडिओतलाच असायचा.

अंदाज बांधून झाला की तो कुणाला न सांगता फोटो घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या हातात द्या. "हे कोण?" असं विचारण्यापेक्षा "हे घर कुठलं, शेजारी कोण राहायचं?" असं विचारा, आठवणी भराभर निघतात. मग मागच्या कडेला पेन्सिलने हलक्या हाताने लिहा: नाव, गाव, "१९३५ च्या सुमारास?" हे प्रश्नचिन्हासकट, आणि ही माहिती कुणी, कधी सांगितली तेही. बॉलपेन नको, लॅमिनेशन तर मुळीच नको.