पिल्लू आजारी आहे, पण कारण कळत नाही: परसातल्या कोंबड्यांसाठी पहिल्या दोन दिवसांचे मार्गदर्शन

कोंबडीचे पिल्लू आजारी असल्याचे आपल्या लक्षात येते, तोवर आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो. दुबळे दिसणाऱ्या पक्ष्याला कळपातलेच इतर टोचून बेजार करतात, त्यामुळे कोंबडी जमेल तितका वेळ आजार अंगावर काढते. पिसे फुगवून, पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेल्या पिल्लाबाबत ‘उद्या पाहू’ असे म्हणणे म्हणूनच परवडत नाही. मात्र घाई करायची म्हणजे हाताशी असेल ते औषध पाण्यात कालवायचे, असेही नाही. या वयातली कितीतरी दुखणी विषाणूंमुळे, आतड्यातल्या परजीवींमुळे, चुकीच्या खाद्यामुळे किंवा निव्वळ थंडीमुळे होतात आणि यांपैकी कशावरही प्रतिजैविक चालत नाही. पहिले दोन दिवस पिल्लाला जगते ठेवण्यासाठी आणि पुरावे गोळा करण्यासाठी वापरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऊब, पाणी आणि विलगीकरण

आजारी पिल्लाला लगेच वेगळ्या खोक्यात ठेवावे. शक्य असेल तर त्याला इतर पिल्लांचा आवाज ऐकू येईल अशा ठिकाणी, कारण पूर्ण एकटे पडलेले पिल्लू घाबरून आणखी खंगते. निरोगी पिल्लांना पहिल्या आठवड्यात साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी ते कमी करत नेतात. आजारी पिल्लाला मात्र त्याच्या वयाच्या मानाने थोडी जास्त ऊब द्यावी. दिवा खोक्याच्या एकाच टोकाला लावावा, म्हणजे उकडल्यास त्याला दुसऱ्या टोकाला सरकता येईल. तापमापक नसेल तरी पिल्ले स्वतःच सांगतात: गारठली की दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करतात, उकडले की चोच उघडी ठेवून कडेला पांगतात.

पाणी पाजताना चोचीचे टोक पाण्यात बुडवावे किंवा चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडावा. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असल्यामुळे घशात जबरदस्तीने ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकते, आणि उपचारानेच पिल्लू दगावते. कुक्कुटपालनासाठी मिळणारी इलेक्ट्रोलाइट पावडर पाकिटावरील प्रमाणात एक-दोन दिवस द्यायला हरकत नाही. खाद्य नेहमीचेच, पाण्यात भिजवून मऊ केलेले असावे. नव्या चवीचा प्रयोग करण्याची ही वेळ नव्हे. रोजच्या कामात निरोगी पिल्ले आधी हाताळावीत, आजारी शेवटी, आणि नंतर हात साबणाने धुवावेत. निरोगी दिसणाऱ्या पिल्लांच्या विष्ठेतही साल्मोनेला हा माणसालाही आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो, म्हणून लहान मुलांना या कामापासून दूर ठेवावे.

पिल्लू हातात घेऊन तपासणे

खोक्याच्या तळाशी पांढरा कागद अंथरावा, म्हणजे विष्ठा नीट दिसते. कोंबडीची नेहमीची विष्ठा घट्ट, तपकिरी आणि वर पांढरा थर असलेली असते. पण दर आठ-दहा वेळांतून एकदा ती पातळ, चिकट, गडद तपकिरी आणि अतिशय दुर्गंधीयुक्त असते. ही आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांतून येते आणि ती पूर्णपणे स्वाभाविक आहे. नवखे पाळणारे तिलाच हगवण समजून औषधे सुरू करतात.

त्यानंतर छातीचे मधले हाड बोटाने चाचपावे. ते धारदार लागत असेल, तर पिल्लू कालपासून नव्हे, तर कित्येक दिवसांपासून नीट खात नाही. गळ्याच्या बुडाशी असलेली खाद्याची पिशवी सकाळी, खाद्य देण्यापूर्वी, रिकामी असायला हवी. ती टणक लागली तर गवत किंवा तुसाचा गोळा अडकल्याची, आणि पाण्याच्या फुग्यासारखी लागून तोंडाला आंबूस वास येत असेल तर आतले खाद्य आंबल्याची शंका घ्यावी. गुदद्वारावर विष्ठा वाळून चिकटली असेल, तर कोमट पाण्याने भिजवून ती हलकेच काढावी, कारण मार्ग बंद झाल्यास अगदी लहान पिल्लू त्यानेच मरते. पंखांखाली आणि गुदद्वाराभोवती उवा दिसतात का ते पाहावे. लाल माइट (रक्त पिणारे अगदी बारीक किडे) मात्र दिवसा फटींत लपतात, म्हणून रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या सांधी तपासाव्या लागतात. तुरा फिकट पडलेल्या पिल्लाचे रक्त कित्येकदा तेच पीत असतात. शेवटी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून ग्रॅममध्ये लिहून ठेवावे. वाढत्या वयाच्या पिल्लाचे वजन दोन दिवस स्थिर राहणे हेसुद्धा वाईट लक्षण आहे.

वय हा सर्वांत मोठा धागा

पहिल्या दोन आठवड्यांत मरतुक झाली, तर आधी ऊब कमी पडणे, पाण्याचे भांडे न सापडणे, नाभीचा संसर्ग आणि पांढरी हगवण यांचा विचार करावा. याच वयात आवाज न करता धापा टाकणारे पिल्लू दिसले, तर बुरशी लागलेला भुसा किंवा खाद्य शोधावे. बुरशीचे बीजकण फुप्फुसात रुजतात आणि त्यावर परिणामकारक औषध जवळजवळ नाही, त्यामुळे उरलेल्यांना वाचवायचे तर सगळी गादी (खाली अंथरलेला भुसा किंवा तूस) बदलणे हाच मार्ग उरतो.

तीन ते आठ आठवडे या काळात मात्र पहिला संशय रक्ती हगवणीवर, म्हणजे कॉक्सिडिओसिसवर घ्यावा. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी आतड्याच्या आतल्या थरात वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि दमट, उबदार गादीत एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. पिल्लाने ती टिपली की चार ते सात दिवसांत पुढची पिढी विष्ठेत उतरते. पाऊस झाल्यावर किंवा पाण्याचे भांडे गळून तूस ओले झाल्यावर आठवडाभराने पिल्ले मलूल होतात, ती यामुळे. नाव रक्ती असले तरी प्रत्येक वेळी रक्त दिसतेच असे नाही. आयमेरियाच्या काही जाती फक्त पातळ, शेंबडासारखी किंवा नारिंगी झाक असलेली विष्ठा आणि घटते वजन एवढेच दाखवतात, आणि रक्ताची वाट पाहणाऱ्याच्या हातून वेळ निसटतो. पशुवैद्यक विष्ठेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून थोड्याच वेळात सांगू शकतो, म्हणून पहिली तपासणी हीच करून घ्यावी.

यावर सर्रास दिले जाणारे औषध म्हणजे अ‍ॅम्प्रोलियम. ते प्रतिजैविक नाही. परजीवीला लागणारे बी-१ जीवनसत्त्व ते अडवते. म्हणूनच त्याच्या जोडीला ‘ताकद यावी’ म्हणून बी जीवनसत्त्वांचे टॉनिक दिले, तर औषधाचा परिणाम आपणच मारतो. टॉनिक द्यायचे तर औषधाचे दिवस संपल्यावर द्यावे. प्रमाण बाटलीवर पाहावे, कारण पावडर आणि द्रावण यांची तीव्रता वेगवेगळी असते. औषधाच्या काळात दुसरे पाणी ठेवू नये. एकाला लागण असेल, तर त्याच गादीवरच्या सगळ्यांना औषध द्यावे लागते.

घोटाळा असा, की गंबोरो हा विषाणूजन्य आजारही तीन ते सहा आठवड्यांतच येतो. त्यात पांढरट पाणचट हगवण होते, पिल्ले अचानक गळून जातात, मरतुक तीन-चार दिवसांत शिगेला पोहोचते आणि आठवड्याभरात ओसरते. त्यावर थेट औषध नाही. शिवाय ओसरल्यावरही प्रतिकारशक्ती खचलेली असल्यामुळे पिल्ले दुसऱ्या आजारांना सहज बळी पडतात. घरी बसून या दोन्हींतला फरक खात्रीने सांगता येत नाही.

लंगडणे आणि मान वाकडी होणे

एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडलेली तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) दिसली, तर मॅरेक्स हा विषाणूजन्य आजार मनात आणावा. तो सहसा सहा आठवड्यांच्या पुढे दिसतो आणि त्यावर उपचार नाही. त्याची लस अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्याच दिवशी देतात. लस टोचलेल्या पक्ष्यालाही विषाणूची लागण होऊन तो त्याच्या पिसांतून झडणाऱ्या कोंड्यातून पसरू शकतो. लहान पिल्लाची बोटे आतल्या बाजूला मुडपली असतील, तर बी-२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते आणि लवकर लक्षात आल्यास ती सुधारते. मान पिळवटणे, हिरवट हगवण आणि श्वासाची घरघर एकत्र दिसली, तर मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, शंका घेऊन पशुवैद्यकाला त्याच दिवशी कळवावे.

खाद्याकडे आणि जागेकडे पाहणे

मोठ्या कोंबड्यांचे लेअर खाद्य पिल्लांना दिले जात आहे का, हे तपासावे. त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, पिल्लांना जेमतेम एक टक्का लागते आणि जादा कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना इजा करते. खुराड्यात पिल्लांच्या उंचीइतके खाली वाकून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले, तर तिथला अमोनिया त्यांच्या फुप्फुसांना दिवसभर जाळत आहे. उंदरांचे विष, फवारलेले गवत, बुरशीचे धान्य आणि गेल्या महिन्यात आणलेला नवा पक्षी यांचीही आठवण करावी. नवा पक्षी निदान तीस दिवस वेगळा ठेवायला हवा होता, हे बहुतेकांना याच वेळी उमगते.

पिल्लू मेले तर

मेलेले पिल्लू पुरून टाकण्याची घाई करू नये, कारण निदानाचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग त्याच्याच शरीरात असतो. थंड साबणाच्या पाण्याने पिसे भिजवून, दोन पिशव्यांत बांधून ते फ्रीजमध्ये, खाद्यपदार्थांपासून दूर ठेवावे. फ्रीझरमध्ये नव्हे, कारण गोठल्यावर पेशी फुटतात आणि तपासणी अवघड होते. एका दिवसाच्या आत ते पशुरोग प्रयोगशाळेत शवविच्छेदनासाठी पोहोचवावे. सोबत वय, लसीकरण, खाद्य, दिलेली औषधे आणि किती पक्षी आजारी आहेत, हे लिहून द्यावे.

एक-दोन दिवसांत अनेक पक्षी अचानक मेले किंवा तुरा निळसर पडून चेहरे सुजले, तर हा नियम बदलतो. मेलेल्या पक्ष्यांना हात लावू नये, कुणाला पक्षी देऊ वा विकू नये आणि सरकारी पशुसंवर्धन कार्यालयाला तत्काळ कळवावे, कारण बर्ड फ्लूची शक्यता तिथे नाकारता येत नाही.

पिल्लू बरे झाले, तरी खाणे, विष्ठा आणि वजन आठवडाभर ठीक राहिल्यावरच ते कळपात सोडावे, आणि त्याआधी जुनी गादी काढून जागा कोरडी करावी. आयमेरियाची अंडी नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. कडक ऊन, कोरडेपणा आणि उकळते पाणी यांनी मात्र ती मरतात.