घरी शिकणाऱ्या मुलांनी किती लिहावे?

मुले घरी शिकतात असे सांगितले की आमच्या सांगलीत पाहुण्यांचा पुढचा शब्द ठरलेला असतो : ‘मग वह्या दाखवा बघू.’ शेजारच्या मुलाच्या सहामाहीपर्यंत सहा वह्या भरलेल्या असतात आणि आपल्याकडे एकही धड भरलेली नसते, म्हणून पालकही मनातून धास्तावतात. याच धास्तीपोटी मी मुलाला सातव्या वर्षी रोज एक पान लिहायला बसवत असे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि आम्ही काही दिवस विट्याला माझ्या भावाकडे राहिलो. पाणी कोणत्या पायरीला लागले होते, होडीत कोणाची शेळी चढेना, परतल्यावर भिंतीवर गाळाची रेघ कुठे उमटली होती, हे सारे मुलगा आजोबांना अर्धा अर्धा तास रंगवून सांगे. वहीत मात्र एवढेच होते : ‘पूर आला. आम्ही मामाकडे गेलो. मग आलो.’

शाळेत एका वर्गात चाळीस-पन्नास मुले असतात आणि प्रत्येकाला काय समजले हे तोंडी विचारत बसणे शिक्षकांना शक्य नसते, म्हणून तेथे वही हा पुरावा असतो. घरी मूल शेजारीच बसलेले असते. त्याला धडा समजला की नाही हे दोन प्रश्नांत कळते. त्यामुळे इतिहासाची आणि परिसर अभ्यासाची प्रश्नोत्तरे लिहून घेण्याचे काम घरी जवळजवळ पूर्ण वगळता येते. जे लिहिल्याशिवाय येणारच नाही, तेवढेच मागावे.

ते किती, हे ठरवताना लेखनातील तीन कामे वेगळी धरावीत : अक्षर काढणे, पाहिलेला किंवा ऐकलेला मजकूर शुद्ध उतरवणे, आणि स्वतःचे वाक्य जुळवणे. सात वर्षांच्या मुलाला ‘कृष्णा’ हा शब्द लिहिताना क ला ऋकार द्यायचा, अर्धा ष काढून त्याला ण जोडायचा, काना द्यायचा आणि वर शिरोरेघ ओढायची असते. एवढे उरकेपर्यंत मनात जुळवलेले पुढचे वाक्य निसटून गेलेले असते. म्हणून ही तिन्ही कामे एकाच बैठकीत मागू नयेत.

पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडे अजून पुरती घडलेली नसतात. दिवसाला दहा मिनिटे पाटीवर किंवा परातीत पसरलेल्या रव्यावर गिरवणे पुरेसे आहे, आणि शेंगा सोलणे किंवा कणीक मळणे हीदेखील बोटांची तयारीच असते.

सात-आठ वर्षांच्या मुलाकडून दुरेघी वहीत रोज चार-पाच ओळींचे अनुलेखन आणि आठवड्यातून दोनदा तीन-चार वाक्यांचे श्रुतलेखन घ्यावे. स्वतःचा मजकूर या वयात मुलाने सांगावा आणि पालकाने लिहून घ्यावा. लिहून घेताना शब्द बदलू नयेत. मूल ‘पाणी लई वाढलं’ म्हणाले तर तेच उतरवावे, प्रमाण भाषेची घाई करू नये. नंतर त्याच मजकुरातील दोन वाक्ये त्याला पाहून लिहू द्यावीत. पुराची हकिगत मी अशीच लिहून घेतली, तेव्हा ती सव्वादोन पाने झाली, आणि आपण एवढे ‘लिहिले’ याचे सर्वांत मोठे आश्चर्य मुलालाच वाटले.

नऊ-दहाच्या सुमारास लेखणी मुलाच्या हाती द्यावी. आठवड्यातून दोन-तीनदा अर्धे पान पुरे, मात्र त्या लेखनाला वाचणारा कोणीतरी खरा हवा. पावसाळ्यात माझा मुलगा आयर्विन पुलाची पाणीपातळी रोज नोंदवू लागला : इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, आज किती, कालपेक्षा किती वाढले, कोयनेतून विसर्ग सुरू आहे का. ही वही घरातले सगळेच उघडून पाहत. एकदा त्याने साताऱ्याच्या आत्याला भडंगाची कृती लिहून पाठवली. लसूण फोडणीत कधी घालायचा हे त्यात राहून गेले होते. आत्याने तो सर्वांत शेवटी घातला आणि कच्च्या लसणाची तक्रार फोनवर कळवली. कृती त्याने आपणहून पुन्हा लिहिली. मी सांगितले असते तर लिहिली नसती.

चुका सुधारताना सगळे पान लाल करू नये. महिनाभर एकच नियम धरावा. उदाहरणार्थ, मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार सहसा दीर्घ असतो (पाणी, वही, चाकू), आणि ‘आणि’ हा त्याला ठळक अपवाद आहे. त्या महिन्यात तेवढ्याच चुका दाखवाव्यात, बाकीच्या दिसल्या तरी गप्प बसावे. हे फार कठीण जाते, हे मी कबूल करते.

नवव्या वर्षानंतरही मूल उत्तम बोलते आणि वाचते, पण चार ओळींत हात दुखतो, अक्षरे वारंवार गळतात किंवा उलटतात, असे असेल तर आळस समजून रागावू नये आणि तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. अध्ययन अक्षमतेचे रीतसर प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात.

अकरा-बाराव्या वर्षी आठवड्याला एकच पान, पण दोनदा लिहिलेले, अशी अपेक्षा ठेवावी : पहिला खर्डा, दोन दिवसांनी मोठ्याने वाचन, मग पक्के लेखन. येथून पुढे मात्र परीक्षेचा विचार टाळता येत नाही. मूल १७ नंबरचा अर्ज (शाळेत न जाता खाजगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाच्या परीक्षेला बसण्याचा) भरून बसो किंवा वयाच्या चौदाव्या वर्षानंतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) बसो, दहावीचा पेपर हातानेच लिहावा लागतो. राज्य मंडळाचा मराठीचा पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा असतो, आणि त्यात पत्र, बातमी, सारांश असे उपयोजित लेखनही असते. घरी शिकलेल्या मुलांना विषय येत असतो, पण हाताला तीन तासांची सवय नसते. ही सवय शेवटच्या दोन महिन्यांत लागत नाही. बाराव्या वर्षी आठवड्यातून एकदा घड्याळ लावून वीस मिनिटे सलग लिहिण्यापासून सुरुवात करावी, दर महिन्याला पाच-सात मिनिटे वाढवावीत, आणि हात भरून आला तर त्या दिवशी तेथेच थांबून पुढच्या आठवड्यात पुन्हा तेवढाच वेळ लावावा.